मांसोत्पादक कळपासाठी पैदाशीचा वळू कसा निवडावा

पूर्णपणे निकामी वळू लवकर उघडा पडतो. त्याने भरलेल्या गाई तीन आठवड्यांत एकामागून एक उलटू लागतात, पुन्हा माजावर येतात आणि दुसरा वळू सोडण्याइतका वेळ तरी हाताशी राहतो. खरा घात करतो तो अर्धवट चालणारा वळू. समजा, ३० गाईंच्या कळपात ६३ दिवसांचा पैदास-हंगाम आहे, म्हणजे प्रत्येक गाईला माजाच्या साधारण तीन पाळ्या मिळतात. दर पाळीला उरलेल्या गाईंपैकी ६० टक्के गाभण ठरत असतील, तर पहिल्या पाळीत १८, दुसरीत ७ आणि तिसरीत ३ अशा २८ गाई गाभण राहतात. हेच प्रमाण ३० टक्क्यांवर आले, तर ९, ६ आणि ४ ते ५ अशा जेमतेम २० गाई हाती लागतात. शिवाय ज्या राहतात त्यांतल्या बऱ्याच उशिरा राहतात. एक पाळी हुकली की वासरू २१ दिवस उशिरा जन्मते, आणि दिवसाला ९०० ग्रॅम वाढणारे वासरू विक्रीच्या दिवशी जवळजवळ १९ किलोंनी हलके भरते. हा तोटा कोणत्याही एका दिवशी डोळ्यांत भरत नाही. गाई भाकड निघाल्या, चारा कमी पडला, वर्ष वाईट गेले अशा निरनिराळ्या नावांनी तो खपून जातो.

म्हणून वळू निवडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी कळपाची गरज ठरवावी, मग वळूची प्रजननक्षमता आणि त्याचे पाय तपासावेत, आणि वंशावळीचे व वाढीचे आकडे त्यानंतर तोलावेत. प्रत्यक्षात बहुतेक खरेदी याच्या नेमकी उलट होते. वळूचा रुबाब मनात भरतो आणि मग त्याच्या बाजूने कारणे शोधली जातात.

वळू पाहण्याआधी कळप पाहावा

पहिला प्रश्न असा की, या वळूच्या कालवडी कळपात ठेवायच्या आहेत की सगळी वासरे विकायची आहेत. सगळी वासरे मांसासाठीच जाणार असतील, तर वळूकडून वाढीचा वेग, मांसलपणा आणि वासरू सुखरूप जन्मण्याइतपत बेताचे जन्मवजन एवढे मिळाले तरी पुरते. त्याच्या मुलींना दूध किती येईल याला काहीच अर्थ उरत नाही. कालवडी ठेवायच्या असतील, तर मात्र निर्णयाचे वजन कित्येक पटींनी वाढते. वासराला निम्मा वारसा बापाकडून मिळतो, एक चतुर्थांश आईच्या बापाकडून आणि एक अष्टमांश आजीच्या बापाकडून. कळपातल्याच कालवडी ठेवत गेल्यास अवघ्या तीन वळूंचा वाटा ८७.५ टक्के होतो. अशा कळपाची कास, खूर, स्वभाव आणि वेतांतील नियमितपणा हे सगळे मागच्या तीन खरेद्यांनी ठरवलेले असते.

दुसरा प्रश्न, वळू कोणावर सोडायचा. पहिलारू कालवडींवर सोडायचा असेल, तर सुलभ प्रसूती ही पहिली अट ठरते आणि वाढीचा मोह आवरावा लागतो. तीन-चार वेते झालेल्या, रुंद कटीच्या गाईंवर थोडे जास्त जन्मवजन देणारा वळू चालून जातो. हे दोन्ही गट एकाच वळूवर भागवायचे असतील, तर निवड कालवडींच्या सोयीने करावी. अडलेल्या कालवडीचे वासरू गेले तर तोटा एका वासरावर थांबत नाही, कारण तशी कालवड पुढच्या हंगामात वेळेवर माजावर येण्याची शक्यताही कमी होते. बेल्जियन ब्लू किंवा पिएमोंतेसे यांच्यासारख्या दुहेरी स्नायूंच्या जातींचा विचार करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातील बदलामुळे त्यांना जो मांसलपणा येतो, त्याच्यासोबत, विशेषतः शुद्ध पैदाशीत, अडण्याचा धोकाही येतो.

तिसरा प्रश्न हवामानाचा आणि चाऱ्याचा. उष्ण, गोचिडांच्या प्रदेशात ब्राह्मण किंवा नेलोर यांच्यासारखे वशिंडाचे रक्त उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेत यान बोन्स्मा यांनी आफ्रिकानर, हेरफर्ड आणि शॉर्टहॉर्न यांच्या मिश्रणातून बोन्स्मारा ही जात घडवली ती याच विचाराने. तिच्यात पाच अष्टमांश रक्त तिथल्या उन्हात टिकणाऱ्या आफ्रिकानरचे ठेवले गेले. सुमारे १,५०० मीटरपेक्षा उंच प्रदेशात प्रश्न निराळाच असतो. तिथे विरळ हवेने फुप्फुसातील रक्तदाब वाढून गळ्याखालच्या पोळीत पाणी साचते आणि जनावर हृदयविकाराने दगावते. हा कल आनुवंशिक असल्यामुळे अशा ठिकाणी वळूचा फुप्फुस-धमनीतील रक्तदाब उंचीवरच मोजून घेतात. चारा बेताचा असेल, तर मोठ्या चणीचा आणि भरपूर दुधाच्या मुली देणारा वळू टाळावा. मोठी, दुधाळ गाय भाकड काळातही जास्त खाते, आणि ते न मिळाल्यास पहिली कात्री लागते ती तिच्या माजाला.

या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत आणि कोणत्या दोषासाठी वळू हमखास नाकारायचा तेही तिथेच लिहावे. वळू समोर उभा राहिल्यावर नवीन नियम सुचू लागतात आणि जुने विसरले जातात.

प्रजननक्षमतेची तपासणी

ही तपासणी पशुवैद्यकानेच करायची असते. पण त्यात काय होते हे खरेदीदाराला कळत असले पाहिजे. तिचे तीन भाग आहेत: सर्व शरीराची व जननेंद्रियांची पाहणी, वृषणकोशाच्या घेराचे माप आणि वीर्याची सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षा.

घेर मोजताना दोन्ही वृषणे हाताने हलकेच खाली ओढून कोशाच्या तळाशी आणतात, कातडीवरच्या सुरकुत्या गेल्या की सर्वांत रुंद भागावर फीत गुंडाळतात आणि ती कातडीला नेमकी टेकेल इतकीच आवळतात. वरून धरताना अंगठा आणि बोट कोशाच्या बाजूंना असावेत. अंगठा दोन वृषणांच्या मध्ये गेला, तर ती फाकतात आणि माप खोटे मोठे येते. अमेरिकेतील सोसायटी फॉर थेरिओजेनॉलॉजी या पशुप्रजननतज्ज्ञांच्या संस्थेच्या निकषांनुसार १५ महिन्यांपर्यंतच्या वळूचा घेर किमान ३० सेंटिमीटर असावा. पुढे १८ महिन्यांपर्यंत ३१, २१ महिन्यांपर्यंत ३२, २४ महिन्यांपर्यंत ३३ आणि त्याहून मोठ्या वळूसाठी ३४ सेंटिमीटर असा तो वाढतो. घेर जास्त म्हणजे वीर्यनिर्मिती करणाऱ्या पेशी जास्त, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठ्या घेराच्या वळूच्या मुली सरासरीने लवकर वयात येतात. हा गुण बऱ्यापैकी आनुवंशिक आहे. तरीही किमान मर्यादा ओलांडल्यावर घेराच्या शर्यतीत पडण्याचे कारण नाही.

घेराइतकाच आकारही पाहावा. कोशाला वर स्पष्ट मान असावी आणि वृषणे शरीरापासून सुटी लोंबावीत. शुक्राणू नीट तयार होण्यासाठी वृषणांचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ६ अंश सेल्सिअसने कमी राहावे लागते, आणि ते राखण्याचे काम ही मान करते. खुराकावर फुगवलेल्या वळूच्या मानेत चरबी साठून तिचा आकार सरळ नळीसारखा होतो आणि वृषणे आतून तापतात. विक्रीसाठी तुकतुकीत केलेला वळू म्हणूनच माझ्या मनात आधी शंका निर्माण करतो.

वीर्याच्या परीक्षेत वरील निकषांनुसार किमान ३० टक्के शुक्राणू सरळ पुढे जाणारे आणि किमान ७० टक्के सुघड आकाराचे असावे लागतात. काही देशांत या मर्यादा वेगळ्या आहेत. पण तत्त्व तेच आहे. याच वेळी शिश्न बाहेर आलेले असताना त्यावरील चामखीळ, सुटी न झालेली पडदी, गुंडाळलेल्या केसांचे कडे किंवा वाकडेपणा हेही पाहून घेतात. एरवी हे दोष दिसतच नाहीत. आवरणाची पिशवी फार लोंबती असेल, विशेषतः वशिंडाच्या जातींत, तर काट्याकुट्यांनी इजा होऊन वळू कायमचा निकामी होऊ शकतो.

दोन गोष्टी ही तपासणी सांगत नाही. पहिली, वळूची इच्छा. भरघोस घेर आणि उत्तम वीर्य असलेला वळूही गाईकडे ढुंकून पाहत नाही असे घडते, आणि ते माजावरच्या गाईजवळ सोडल्याशिवाय कळत नाही. दुसरी, उद्याची स्थिती. शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास दोन महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो. त्यामुळे आज आलेल्या तापाचा किंवा उष्माघाताचा परिणाम काही आठवडे रेंगाळतो, आणि कोवळा वळू आज कमी पडला तरी ६० दिवसांनी उत्तीर्ण होऊ शकतो. यासाठी तपासणी हंगामाच्या ३० ते ६० दिवस आधी करावी म्हणजे फेरतपासणीला किंवा दुसरा वळू शोधायला सवड राहते. ती दर वर्षी करावी, कारण गेल्या वर्षीचा उत्तम वळू या वर्षी उत्तम असेलच असे नाही.

पाय आणि चाल

वळूला हंगामात रोज मैलोन्मैल चालायचे असते आणि गाईवर चढताना सारा भार मागच्या दोन पायांवर पेलायचा असतो. पाय अधू झाला की वीर्याचा दर्जा कागदावरच राहतो. म्हणून वळू उभा असताना पाहण्यात जेवढा वेळ घालवाल, त्याहून जास्त वेळ तो चालताना पाहण्यात घालवावा, आणि तोही कठीण, सपाट जमिनीवर. गुडघाभर पेंढ्यात उभ्या केलेल्या वळूचे खूर पाहता येत नाहीत, आणि पेंढा तिथे का घातला आहे हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये.

एकदा ओलसर मातीवरून वळू सावकाश चालवून घ्यावा आणि तो गेल्यावर त्याच्या पावलांचे ठसे वाचावेत. चांगल्या चालीच्या वळूचा मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात किंवा अगदी त्याच्या लगत पडतो. मागचा ठसा बराच अलीकडे पडत असेल, तर वळू आखूड पावले टाकतो आहे. कुठेतरी सांधा ताठ आहे किंवा दुखतो आहे. मागचा ठसा पुढे निघून जात असेल, तर मागचे पाय कोयत्यासारखे जास्त वाकलेले असण्याचा संभव आहे. ठशाची खोलीही पाहावी. चारपैकी एक ठसा उथळ असेल, तर त्या पायावर वळू भार टाकत नाही.

त्यानंतर बाजूने पाहावे. मागच्या पायाचा ढोपराचा सांधा खांबासारखा सरळ असणे हा मी सर्वांत गंभीर दोष मानतो, कारण धक्का शोषण्याची सोयच त्या पायात नसते. सांध्याला सूज येते आणि दोन-तीन हंगामांत वळू चढेनासा होतो. कोयत्यासारखा थोडा वाकलेला पाय त्यामानाने सोसवतो. मागून पाहताना ढोपरे एकमेकांकडे किंचित वळलेली चालतात, पण बाहेर फाकलेली चालत नाहीत. खुराच्या वरचा सांधा लवचीक आणि साधारण ४५ ते ५५ अंशांत झुकलेला असावा. खुराच्या दोन्ही नख्या सारख्या आकाराच्या हव्यात. एक नखी दुसरीवर चढणारी, पेचासारखी वळलेली असेल, तर तो दोष मुलींतही उतरतो. खूर नुकतेच छाटलेले दिसले, तर ते कधी आणि का छाटले हे विचारून घ्यावे.

खांदे फार रुंद आणि उघडे असलेला वळू टाळावा, कारण असे खांदे घेऊन आलेले वासरू वाटेत अडते. डोळे स्वच्छ असावेत. वळू माजावरच्या गाई बहुतांशी नजरेने हेरतो. एका डोळ्याने अधू वळू कळपात मागे पडतो. शरीराचा भरणा नवांच्या मापावर ५ ते ६ असावा: फासळ्या हाताला लागाव्यात, पण नजरेला मोजता येऊ नयेत.

आकडे कसे वाचावेत

अमेरिकेत वळूच्या वारशाचा अंदाज ईपीडी या नावाने देतात, तर ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये ईबीव्ही म्हणून. ईबीव्ही म्हणजे त्या जनावराचे स्वतःचे आनुवंशिक मूल्य आणि ईपीडी म्हणजे त्यातला वासरांपर्यंत पोहोचणारा निम्मा भाग. दूध तोडण्याच्या वेळच्या वजनासाठी एका वळूचा ईपीडी अधिक ३० किलो आणि दुसऱ्याचा अधिक २० किलो असेल, तर सारख्याच गाईंपासून, सारख्याच परिस्थितीत पहिल्याची वासरे सरासरीने १० किलोंनी जास्त भरतील, एवढाच त्याचा अर्थ. वासरू ३० किलोंनी जड होईल असा त्याचा अर्थ नव्हे. एका जातीचा आकडा दुसऱ्या जातीच्या आकड्याशी, दुरुस्ती केल्याशिवाय, ताडून पाहता येत नाही.

आकड्याशेजारी त्याची अचूकता छापलेली असते. ज्याला अजून वासरेच झालेली नाहीत अशा वर्षाच्या वळूचा आकडा पुढे बराच हलू शकतो. जनुकीय चाचणीने ही अनिश्चितता कमी होते, पण संपत नाही. तरीही वळूच्या प्रत्यक्ष वजनापेक्षा हा अंदाज भरवशाचा असतो, कारण वजनात मालकाचा खुराकही तोलला जातो. प्रत्यक्ष वजनच हाती असेल, तर ते निदान त्याच वयाच्या, एकत्र वाढलेल्या आणि सारखे खाल्लेल्या सोबत्यांच्या सरासरीशी ताडून पाहावे. सरासरी १०० धरल्यास १०८ चा वळू आपल्या गटात आठ टक्क्यांनी सरस आहे. पण गटात तीनच वळू असतील, तर या १०८ ला फारशी किंमत नाही.

प्रसूतीसाठी जन्मवजनाच्या आकड्यापेक्षा सुलभ प्रसूतीचा आकडा वापरावा. त्यात जन्मवजन हिशेबात घेतलेलेच असते. तो थेट आणि मातृक अशा दोन प्रकारांत येतो. थेट म्हणजे या वळूची वासरे किती सहज जन्मतील, आणि मातृक म्हणजे त्याच्या मुली किती सहज वितील. कालवडी ठेवणाऱ्याने दोन्ही पाहावेत. दुधाचा आकडा दुधाच्या लिटरांत नसतो. त्याच्या मुलींच्या दुधामुळे वासराच्या वजनात किती किलोंचा फरक पडतो ते तो सांगतो.

एकाच आकड्यामागे धावणे ही या विषयातली नेहमीची चूक आहे. वाढीवर सारा भर दिला की जन्मवजन आणि गाईंची चण ही दोन्ही मुकाट्याने वाढत जातात. वाढ, मांसाचा दर्जा आणि जन्मवजन हे गुण मध्यम ते चांगल्या प्रमाणात आनुवंशिक असल्याने वळूच्या निवडीतून ते बदलता येतात. गाभण राहण्याची क्षमता त्यामानाने फार थोडी आनुवंशिक आहे. ती सुधारण्याचा जलद मार्ग म्हणजे संकरित गाय. म्हणून कळप एकाच जातीकडे झुकलेला असेल, तर दुसऱ्या जातीचा मध्यम वळू पुष्कळदा त्याच जातीच्या नामांकित वळूपेक्षा जास्त देऊन जातो.

रोग आणि लपलेले दोष

ट्रायकोमोनायासिस आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन रोग गाय भरवतानाच पसरतात. वळूला त्यांचा काहीच त्रास होत नाही. गाई मात्र उलटत राहतात, गर्भ लवकर जिरतो आणि हंगाम हातचा जातो. ट्रायकोमोनायासिसचे जंतू मोठ्या वयाच्या वळूत आवरणाच्या घड्यांत कायमचे ठाण मांडतात. त्यामुळे शक्यतो कधीही न वापरलेला कोवळा वळू घ्यावा आणि वापरलेला घ्यायचाच असेल, तर चाचणीशिवाय घेऊ नये. भाड्याने फिरणारा वळू या बाबतीत सर्वांत धोक्याचा. सांसर्गिक गर्भपात, क्षय आणि बीव्हीडी (गाईगुरांचा विषाणूजन्य अतिसार) यांच्याही चाचण्या कराव्यात. बीव्हीडीचा जन्मतःच वाहक असलेला वळू दिसायला धट्टाकट्टा असू शकतो आणि आयुष्यभर विषाणू पसरवत राहतो.

आनुवंशिक दोषांचा प्रकार असाच लपून राहणारा आहे. २००८ मध्ये अँगस जातीत वाकड्या पाठीची, ताठ पायांची मृत वासरे जन्मण्यामागचा एक अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा दोष ओळखला गेला, आणि तो लोकप्रिय वंशातून दूरवर पसरलेला आढळला. वाहक वळू आणि वाहक गाय एकत्र आली की चारात एक वासरू बाधित होण्याची शक्यता असते. आता अशा दोषांसाठी डीएनए चाचण्या आहेत. अहवाल विक्रेत्याकडून मागून घ्यावा.

स्वभावाविषयी थोडक्यात. तापटपणा आनुवंशिक आहे आणि मारका वळू कितीही गुणी असला तरी घेऊ नये. विक्रेत्याच्या कुंपणात शिरण्याआधी बाहेरूनच पाहावे. आडवा उभा राहून अंग फुगवणारा, मान खाली घालून माती उकरणारा वळू पुढे काय करणार आहे हे आधीच सांगत असतो. शांत वळूकडेही पाठ फिरवू नये.

घरी आणल्यापासून हंगामापर्यंत

वळू हंगामाच्या निदान दोन महिने आधी आणावा. पहिले ३० दिवस त्याला कळपापासून वेगळा ठेवावा. खुराकावर वाढलेला वळू एकदम चराईवर सोडला, तर नेमका हंगामात खंगतो. खुराक हळूहळू तोडत आणावा. हंगामात वळूचे वजन ४५ ते ९० किलोंनी उतरणे नवलाचे नाही, त्यामुळे सुरुवातीला थोडी शिल्लक असलेली बरी.

वर्ष-सव्वा वर्षाच्या वळूला १५ ते २०, दोन वर्षांच्याला २० ते २५ आणि पूर्ण वाढलेल्याला २५ ते ३० गाई पुरेत. एकाच कुरणात कोवळा आणि जुना वळू एकत्र सोडू नयेत. जुना वळू कोवळ्याला गाईंजवळ फिरकू देत नाही, आणि तो जुनाच कमअस्सल असला तर सगळा कळप त्याच्यासह बुडतो.

त्याच्या मुली कळपात राहणार असतील, तर त्याच्या मुक्कामाचा हिशेब आजच करून ठेवावा. नऊ महिने गर्भाचे आणि पंधरा महिने वाढीचे मिळून दोन वर्षांत त्याची पहिली कालवड माजावर येते. तिसऱ्या हंगामात तिला त्याच्यापासून वेगळी ठेवता येत नसेल, तर वळू बदलावा. बाप आणि लेक यांच्या संकरातून जन्मलेल्या वासरात अंतःप्रजननाचा गुणांक २५ टक्क्यांवर जातो.

वळू सोडल्यावर पहिल्या पाच दिवसांत त्याने भरलेल्या गाईंचे बिल्ले तारखेसह वहीत लिहून ठेवावेत आणि प्रत्येकीच्या भरण्यापासून १८ व्या दिवसापासून २४ व्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ त्याच गाईंवर नजर ठेवावी. एखाद-दुसरी गाय परतली तर बिघडत नाही. दहापैकी पाच-सहा परतू लागल्या, तर लगेच पशुवैद्यकाला बोलावावे आणि वळूची तपासणी होईपर्यंत गाईंमध्ये दुसरा वळू सोडावा.